निधान

उद्यमबागेत, फाउंड्रीची काळी वाळू
जिथे नाल्यापर्यंत सांडलेली असते,
तिथे आमचा शेड. आत साठ टनी प्रेस
आणि जवळपास तिच्याच वयाचा गदिगेप्पा होसमनी.

काम नवं होतं. बसच्या दारासाठी
दोन पातळ पत्रे, मध्ये डिंकाचा थर.
वेल्डिंग नाही, रिवेट नाही,
औषधाला एक भोक नाही.
डिंकाला गदिगेप्पा अंटु म्हणायचा,
मग आम्ही सगळेच म्हणू लागलो,
चलनावरसुद्धा एकदा तसंच लिहून गेलं.

मी मापं घेणारी.
वाकवण्याआधी प्रत्येक तुकड्याच्या कडेवर
सुईनं उभी रेघ ओढायची:
वरचा पत्रा, अंटु, खालचा पत्रा, एका दमात सरळ.
बेळगावात रेघ म्हटलं की लोक आवाज चढवतात.
ही तेवढी मोठी नव्हे.
ही भिंगातून बघावी लागते.

तुकडा वाकला की पत्र्यांवर रेघ तशीच असते,
मधल्या थरात मात्र तिरकी पडते,
झोपेत कूस बदलल्यासारखी,
आणि टोकाला एक पत्रा दुसऱ्याच्या पुढे येतो
अर्धा मिलिमीटर.
आधी नखाला काहीच लागत नव्हतं,
तिथे आता पायरी लागते.

तेवढं चालतं. चालेना ते दुसरंच:
काटकोनाच्या दोन्ही भुजा सरळ राहीनात,
बाहेरच्या अंगाला वळायच्या,
उडायच्या बेतातल्या बगळ्याच्या पंखांसारख्या.
शंभरातले चाळीस बाद.
वजनकाट्याजवळचा ढीग कमरेपर्यंत आला.
हुंदरेशेठ रोज त्याला वळसा घालून जायचे, बोलायचे नाहीत.

गदिगेप्पा म्हणाला, निधान.
तो सगळ्यांनाच निधान म्हणायचा,
पत्र्याला, शिकाऊ पोरांना, चहा ओतणाऱ्या इराण्णाला.
मराठीत निधान म्हणजे ठेवा, मी त्याला एकदा सांगितलं होतं.
आमच्यात सावकाश, तो म्हणाला,
एकच झालं की, अक्का.
एकतीस वर्षं त्यानं पत्रा असाच वाकवला,
म्हशीची धार काढावी तसा,
आणि दहाही बोटं शाबूत.

त्यानं प्रेस आणखी हळू केली.
पंख आणखी पसरले.

मी वही घेऊन बसले. सकाळी आठचे तुकडे बरे,
दुपारी तीनचे वाईट.
तोच पत्रा, तोच साचा, तोच हात.
डिसेंबर होता, सकाळी पत्रा बोटांना डसायचा,
दुपारी छपराखाली माणसंसुद्धा सैल.
मग उमगलं: अंटुला सवड दिली की तो पाघळतो,
पत्रे एकमेकांवरून सरकू देतो.
अवचित गाठलं तर ताठ होतो,
दोघांना धरून ठेवतो.

हे त्याला सांगायचं कसं?
चार दिवस सांगितलं नाही.
पाचव्या दिवशी वही त्याच्यासमोर ठेवली.
आकडे तरी दोघांना सारखेच वाचता येतात.
बराच वेळ बघून त्यानं विचारलं,
म्हणजे किती वर्षं चुकलो मी?
एकही नाही, म्हटलं, तो एकेरी पत्रा होता.

त्यानं चष्मा शर्टाला पुसला,
पाना घेतला, झडप पूर्ण उघडली.
प्रेस दणकन खाली आली.
तुळईवरची कबुतरं उडाली, इराण्णाचे ग्लास वाजले,
आणि गदिगेप्पानं
डोळे मिटले होते.

गुण्या लावला. मधून उजेड आला नाही.
त्या दिवशी शंभरात अकरा बाद.
भिंगाखाली रेघ अजून तिरकीच, थोडी कमी.
त्यानं कडेवरून नख फिरवलं.
अडकतंय की इथं.
अडकणारच, मी म्हणाले.

पुढचा तुकडा त्यानं दोन्ही हातांनी साच्यात ठेवला,
निधान, खुडूक कोंबडीखाली अंडं सरकवावं तसा,
हात बाहेर काढले, दोन्ही, मोजून,
आणि पाय दिला.